बागेतले बदाम

मला नोकरी लागली तेव्हा रोह्याच्या आमच्या काकूंनी विचारलं होतं, "झाडांना पाणी घालायला एमएस्सी कशाला गो लागतं?"

तेव्हा राग आला होता. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, काकूंचा प्रश्न काही वाईट नव्हता. पाणी घालायला एमएस्सी लागत नाही. पाणी कधी घालायचं नाही, हे कळायला मात्र थोडं शिकावं लागतं.

माझी सगळी नोकरी पेणच्या वनस्पतिउद्यानात झाली. रामवाडीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक जुनी आमराई होती. मालकांनी ती एका ट्रस्टला दिली आणि ट्रस्टने तिथे उष्ण प्रदेशातली झाडं लावायला सुरुवात केली. पेणची हवा दमट, पाऊस मुबलक. आफ्रिकेतली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, श्रीलंकेकडचा श्रीताड असे कुठून कुठून आलेले पाहुणे इथे आपल्या सह्याद्रीतल्या सुरंगीच्या आणि सीताअशोकाच्या शेजारी सुखाने वाढले. मी तिथली उद्यान अधीक्षक. कागदावर भारदस्त वाटतं, पण दिवसभर माझे पाय चिखलात असायचे.

लोकांना बाग म्हणजे हिरवळ, कारंजं आणि घसरगुंडी हवी असते. वनस्पतिउद्यानात यातलं काही नसतं. इथे झाडं शोभेसाठी लावत नाहीत, ओळखीसाठी लावतात. प्रत्येक झाड कुठून आलं, बी कुणी दिलं, पहिलं फूल कधी आलं, याची माहिती ठेवायची. एखादं झाड मरणार असं दिसलं की त्याच्या आधी त्याची रोपं तयार ठेवायची. आमचं काम थोडं सुइणीचं आणि थोडं तलाठ्याचं.

आणि येणारी माणसं! गणेशमूर्ती न्यायला लांबून आलेले लोक टेम्पो वळवायला आमच्या गेटात घुसायचे आणि मग आलोच आहोत तर म्हणून बाग पाहून जायचे. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर काम करणारा एक गृहस्थ नाइट शिफ्ट सुटली की सरळ बागेत यायचा आणि गोरखचिंचेच्या बुंध्याला टेकून झोपायचा. मी एकदा म्हटलं, घरी जाऊन झोपा की. तो म्हणाला, "मॅडम, घर पत्र्याचं हाय. हितं गार वाटतं." त्यानंतर मी त्याला कधी उठवलं नाही. एक साहेब रुद्राक्षाच्या झाडाखाली तासन्‌तास एकमुखी रुद्राक्ष शोधत. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी तर विचारूच नका. एक नवरी लांब घागरा घालून आली आणि खाजकुइलीच्या वेलाला टेकली. फोटो राहिले बाजूला, आम्ही तिच्या अंगाला शेण लावत बसलो. तरी पुढच्या वर्षी ती नवऱ्याला घेऊन पेढे द्यायला आली. म्हणाली, "आमच्या लग्नातली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट हीच."

पण मी लिहायला बसले ते एका सहलीबद्दल.

थंडीचे दिवस होते. शाळांच्या सहलींचा मोसम. कासूजवळच्या एका गावातली प्राथमिक शाळा बागेत आली होती. चौथीची मुलं, बरोबर म्हात्रे सर. सर उत्साही. मुलांना रांगेत चालवत, पाट्या वाचायला लावत. मी त्यांना बाग फिरवली, आमराईखाली डबे खायला बसवलं आणि ऑफिसात आले.

थोड्या वेळाने आमचा माळी बाळाराम पळत आला. "मॅडम, पोरांना उलट्या होताहेत."

मी गेले तर पाच-सहा मुलं झाडाखाली आडवी. एकीचा चेहरा तर पांढराफटक. सर म्हणाले, "कुणाच्या तरी डब्यातलं बाधलं असेल. नाहीतर बस लागली."

बसमधून उतरून तास उलटून गेले होते, आणि डबे तर प्रत्येकाच्या घरचे होते. मी मुलांना विचारलं, "झाडाचं काही खाल्लंत का?"

मुलं सरांकडे बघायला लागली. सकाळपासून सरांनी 'कशाला हात लावायचा नाही' असं इतक्यांदा बजावलं होतं की मुलांना पोटदुखीपेक्षा माराची भीती जास्त वाटत होती. मी खाली मातीत बसले. म्हटलं, "मी ओरडणार नाही आणि सरही ओरडणार नाहीत. फक्त काय खाल्लं ते सांगा."

ती पांढरीफटक पडलेली मुलगी हळूच म्हणाली, "बदाम."

आमच्या बागेत लोक ज्याला बदाम म्हणतील अशी तीन-चार झाडं होती. देशी बदामाचं भय नव्हतं. पण त्याच वाटेवर पिवळी कण्हेर होती. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. त्या पोटात गेल्या तर थेट हृदयावर परिणाम होतो. डॉक्टरांना नेमकी बी कळली नाही तर ते उपचार तरी कशावर करणार?

"कुठल्या झाडाचे बदाम गं? मला दाखवशील?"

तिला उठवेना. तिच्या शेजारचा मुलगा पोट दाबत म्हणाला, "ज्याच्या चिकाचे फुगे उडवतात ना, त्या झाडाचे."

मी सुटकेचा श्वास टाकला, तोही अर्धाच. फुगे उडवायचं झाड म्हणजे मोगली एरंड. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला तो सर्रास लावतात. त्याच्या पानाच्या देठाला चीक येतो, गवताच्या काडीची गाठ त्यात बुडवून फुंकर मारली की साबणासारखे रंगीत फुगे निघतात. कोकणातल्या प्रत्येक मुलाने हा खेळ खेळलेला असतो. बी मात्र विषारी. काळं साल सोललं की आत पांढरा गर, चवीला गोडसर, शेंगदाण्यासारखा. पिवळ्या कण्हेरीइतकं ते भयंकर नाही, पण उलट्या-जुलाबांनी लहान मुलाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं.

बाळारामने फळं लागलेली फांदी तोडली. सहलीच्याच बसमधून आम्ही सगळ्या मुलांना घेऊन रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फांदी पाहिली, माझ्याकडून नाव नीट लिहून घेतलं आणि कामाला लागले. सलाइन लागली. बाकीची मुलं संध्याकाळपर्यंत टवटवीत झाली, एकमेकांना सलाइनच्या नळ्या दाखवायला लागली. त्या मुलीला मात्र ठेवून घेतलं. तिचं नाव ऋतुजा. अंगाने अगदी बारकी, आणि बिया तिनेच सगळ्यात जास्त खाल्ल्या होत्या. हेही तेव्हाच कळलं की बिया गोळा करून, दगडाने फोडून, सोलून सगळ्यांना वाटल्या होत्या तिनेच.

ऋतुजाची आई जयश्री शेतातून तशीच आली होती. पायाला चिखल, पदर खोचलेला. नवरा डोलवीला शिफ्टवर, फोन लागत नव्हता. मुलीच्या हाताला टोचलेली सुई तिने पाहिली आणि ती माझ्याकडे वळली.

"बाग दाखवाया नेताव म्हनलात. इष खायाला नेलंत काय पोरांना?"

मी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. ती बसली नाही.

"तोडा ते झाड. माज्या डोळ्यासमोर तोडा."

म्हटलं, "आधी पोरीला बरं होऊ दे."

ऋतुजा बरी झाली. दुसऱ्या दिवशी पेज प्यायली, तिसऱ्या दिवशी घरी गेली. पण बागेची तब्येत बिघडली. बातमी गावोगाव गेली आणि जाताना वाढत गेली. कासूपर्यंत पोचताना दोन मुलं दगावली होती, नागोठण्याला पोचताना चार. ठरलेल्या सहली एकामागून एक रद्द झाल्या. ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक, फार सज्जन माणूस. पण पुरते घाबरले होते. त्यांनी बैठक घेतली आणि म्हणाले, "विषारी म्हणून जेवढं काही आहे, तेवढं सगळं काढून टाका. मुलांच्या जिवापेक्षा झाडं मोठी नाहीत."

"अण्णा," मी म्हटलं, "कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड, रुई, कळलावी... अळूसुद्धा कच्चं खाल्लं तर घसा धरतं. सगळं काढलं तर फक्त गेट उरेल."

"मग गेटच बंद करू."

ते रागाने नव्हते बोलले. चाळीस वर्षं मुलांमध्ये घालवलेला माणूस होता, रात्री झोप लागत नव्हती त्यांना. शेवटी ठरलं की शाळांना बाग बंद, आणि मोगली एरंडापासून तोडायला सुरुवात. मी निरोप पाठवला. जयश्रीने म्हटलं होतं ना, डोळ्यासमोर तोडा. तो तिचा हक्क होता.

ती आली. या वेळी नीट साडी नेसून, एकटीच. आमचा मोगली एरंड कधी छाटलेला नव्हता, त्यामुळे चांगला डेरेदार झाला होता, घोसच्या घोस लागले होते. बाळारामने कोयता उचलला.

"ह्योच?" जयश्रीने विचारलं.

"हाच."

ती जवळ गेली. पान उलटंसुलटं करून पाहिलं. देठ मोडला. चीक बोटावर घेतला, दोन बोटं एकमेकांना चिकटवून सोडवली. मग ती झाडापाशीच खाली बसली.

"ह्यो तर माज्या शेताला हाय. चारी बाजूंनी."

बाळाराम कोयता खाली करून उभा राहिला.

"आमी ल्हानपनी ह्याचेच फुगे उडवायचो," ती म्हणाली. "माजी आजी ओरडायची, चिकाचे हात तोंडात घालू नका, बी खाऊ नका. आमाला ठावं होतं. पोरीला मी कदी सांगितलंच नाय. सांगायची गोष्ट हाय असं वाटलंच नाय कदी."

"घरी तिने कधी बिया पाहिल्या नव्हत्या?"

"कुंपन आमी दरसाल छाटतो. बी धरायला देतो कुठं? आनि मॅडम, पोरगी काय म्हनाली ठावं हाय? म्हनली, आये, ते बागेत होतं ना. तिकीट होतं, पाटी होती. म्हनून मला वाटलं खरे बदाम असतील."

माझी इतक्या वर्षांची नोकरी. पण बाग म्हणजे मुलाला काय वाटतं, हे इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. पाटी होती, लाल अक्षरांत 'फळे तोडू नयेत' असंही होतं. पण ते तर प्रत्येक बागेत प्रत्येक झाडावर असतं, म्हणून कुणी वाचत नाही. आणि मुलांच्या लेखी, पैसे देऊन बघायला नेतात ती वस्तू चांगलीच असणार.

जयश्री उठली, पदराने बोटं पुसली. "ऱ्हाऊ द्या दादा," ती बाळारामला म्हणाली. "हितं तोडून काय व्हनार? माज्या दारात हायच." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमी आमच्या गावाला या. बायकांना सांगा. पोरांना सांगा. मी गोळा करते सगळ्यांना."

जयश्रीनेच नको म्हटल्यावर अण्णांनी तोडणी थांबवली. मी राहायला रोह्याला, तिथून गाडीने कासूला उतरले आणि जयश्रीबरोबर गावात गेले. भाताची कापणी होऊन शेतात वाल लागले होते, आणि प्रत्येक शेताभोवती मोगली एरंडाचं कुंपण. देवळाच्या पडवीत बायका बसल्या होत्या, पोरं इकडेतिकडे. मी बरोबर नेलेल्या फांद्या काढल्या आणि सांगायला सुरुवात केली. पाचच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की कुणाचं लक्ष नाही. जयश्रीलाही आलं असावं. ती उभी राहिली.

"चला गो उठा. बसून काय कळतंय? शेतावर चला."

आम्ही सगळ्या बांधावरून चालत निघालो. मोगली एरंड आला की मी बरोबर नेलेली बी फोडून दाखवायची आणि जयश्री सांगायची, तिच्या शब्दांत, आपली पोरगी कशी दिसत होती, सलाइन किती लागली, रात्रभर ती कशी बसून होती. माझी माहिती कुणी ऐकत नव्हतं, पण तिचं प्रत्येक वाक्य बायका थांबून ऐकत होत्या. पुढे बायकाही बोलायला लागल्या. एकीने गुंजेचा वेल दाखवला, दुसरीने म्हटलं, आमच्या विहिरीवर कण्हेर हाय, तिचं पण सांगा.

एका म्हाताऱ्या बाबांनी बांधावरून विचारलं, "मंग कुंपन तोडायचं काय?"

"नाय वो बाबा," जयश्रीच म्हणाली. "तोडलं तर गुरं वालात घुसतील. कुंपन ऱ्हाऊ दे. पोरांना सांगायचं."

परतताना स्टेशनच्या वाटेवर ती म्हणाली, "एक सांगू मॅडम? ऋतुजा बरी झाली, पन झाडाचं काय खात नाय आता. बोरं नाय, चिंच नाय. मागच्या दारचा पेरू पडून कुजतोय. आनि शाळेत तिच्या हातचं कुनी घेत नाय. डब्यात लाडू दिला, तर तसाच परत आनते. पोरं म्हनतात, हिच्या हातचं खाल्लं की सलाइन लागतं. हसतात. पोरंच ती. पन ही रडते."

गाडी आली, मी चढले. रोह्यापर्यंत डोक्यात तेच चाललं होतं. इतके दिवस मी बाग वाचवायच्या विचारात होते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, ती शाळा पुन्हा बोलवायची. अण्णा म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला?" मी आठवडाभर समजावत राहिले, ते मान हलवत राहिले. शेवटी जयश्री स्वतःच म्हात्रे सरांना घेऊन पेणला अण्णांच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला पूर्ण कधी कळलं नाही. अण्णांनी नंतर मला एवढंच सांगितलं, "ती म्हणाली, आमच्या पोरांना भीती बागेत लागली, तर ती बागेतच जायला पाहिजे. मग मी हो म्हटलं."

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी तीच मुलं पुन्हा आली. अण्णा सकाळपासून गेटवर हजर, हातात ओआरएसची पाकिटं. या वेळी फिरवायला मी नाही, जयश्री पुढे होती. मी मागून चालत होते. तिने मुलांना आधी मोगली एरंडापाशीच नेलं. तिथे त्यांनी फुगे उडवले, मग नळावर साबणाने हात धुतले. कण्हेर पाहिली, गुंज पाहिली. प्रत्येक झाडापाशी तिचे दोनच प्रश्न. ह्याला काय म्हनतात? आनि ह्याचं काय खायचं, काय नाय खायचं?

ऋतुजा सगळ्यात शेवटी, रांगेच्या टोकाला, दोन्ही हात मागे बांधून चालत होती. कशाला स्पर्शही करत नव्हती.

बागेच्या मागच्या बाजूला, विहिरीपाशी, जामाचं जुनं झाड आहे. त्या वर्षी असं लगडलं होतं की खालून पाहिलं तर पानं कमी आणि फळं जास्त. पांढरे, पाणीदार जाम. खाली सडा पडला होता. मुलं थांबली. कुणी वाकेना, सगळ्यांचे डोळे मात्र वर.

मी ऋतुजाजवळ गेले. "हे ओळखतेस?"

तिने मान डोलावली. "जाम."

"खायचा की नाही?"

ती झाडाजवळ गेली. पान बघितलं, खोड बघितलं. देठ मोडून चीक येतो का तेही बघितलं. चीक आला नाही. मग आईकडे पाहिलं.

"खायचा," ती म्हणाली.

बाळारामने फांदी खाली ओढून धरली. तिने एक जाम तोडला, फ्रॉकला पुसला आणि चावला. कचकन आवाज झाला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. ते तिने पुसलं नाही. मग ओंजळभर तोडले आणि मुलांसमोर जाऊन उभी राहिली.

कुणी हात पुढे करेना. एकमेकांकडे बघायला लागली पोरं. अण्णा लांबून टाचा उंचावून बघत होते. म्हात्रे सर बोलायला तोंड उघडणार तोच जयश्रीने त्यांना हाताने थांबवलं.

फुग्यांच्या झाडाचं मला ज्याने सांगितलं होतं, तो मुलगा पुढे आला. त्याने ऋतुजाला विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी खाल्लाय."

त्याने घेतला. मग दुसरीने घेतला. मग एकदम गलका झाला, ओंजळ रिकामी झाली, आणि ऋतुजा पुन्हा झाडाकडे पळाली, अजून आणायला.